देवणी आणि लाल कंधारीच्या दुधातली ग्लायकोप्रोटीनं: मास स्पेक्ट्रोमीटरवरचा फरक खरा कधी मानायचा?

प्रश्न थोडक्यात असा. नांदेडकडच्या एका संशोधक विद्यार्थिनीने देवणी आणि लाल कंधारी गायींचा चीक आणि नेहमीचं दूध गोळा केलं. प्रथिनं ट्रिप्सिन या एन्झाइमने पचवून त्यांचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइड, केले, साखर लागलेले पेप्टाइड (ग्लायकोपेप्टाइड) वेगळे काढले आणि बाहेरच्या फॅसिलिटीतून मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मशीनवर, चालवून घेतले. परत आलेल्या एक्सेल शीटमध्ये लॅक्टोफेरिन या दुधातल्या प्रथिनाचे जवळजवळ सगळे ग्लायकोपेप्टाइड लाल कंधारीत 'वाढलेले' आहेत. काही ठिकाणी एक वेगळंच सायॅलिक आम्ल (साखरेच्या साखळीच्या टोकावर बसणारा घटक) एकाच जातीत दिसतंय. कॅपा-केसिन या दुसऱ्या प्रथिनाचे काही ग्लायकोपेप्टाइड दुसऱ्या जातीत चक्क गायब आहेत. गाईड म्हणतात, लिहायला घ्या. तिला विचारायचंय, यातला कोणता फरक खरा?

लिहायला घेण्याआधी त्या शीटमधला फोल्ड चेंजचा, म्हणजे किती पट वाढ-घट झाली त्याचा, कॉलम झाका आणि बघा, हा आकडा कशाने भागलाय. ग्लायकोपेप्टाइडच्या तुलनेत घोळ बहुतेक वेळा छेदात असतो. एखाद्या ग्लायकोपेप्टाइडचा पीक (मशीनच्या आलेखातला उंचवटा) दुप्पट झाला याचा अर्थ त्या जागेवरची साखर दुप्पट झाली असा होत नाही. मूळ प्रथिनच दुप्पट असेल. प्रथिन तेवढंच असून त्या जागेवर साखर लागलेल्या रेणूंचं प्रमाण वाढलं असेल. किंवा प्रथिनही तेवढंच, साखर लागण्याचं प्रमाणही तेवढंच, फक्त एका प्रकारची साखर कमी होऊन दुसऱ्या प्रकारची वाढली असेल. जीवशास्त्राच्या दृष्टीने या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या शीटमध्ये तिन्ही एकाच आकड्यात कालवल्या गेल्यात.

लॅक्टोफेरिनचंच घ्या. हे चिकात भरपूर असतं, नंतरच्या दुधात खूप कमी होतं, गाय आटायला आली की पुन्हा वाढतं आणि कासेला दगडी झाली तर हमखास वाढतं. म्हणजे लाल कंधारीच्या नमुन्यांत दोन-तीन गायी नुकत्याच व्यायलेल्या असतील, किंवा एखादीला लक्षणं न दिसणारा कासदाह असेल, तर लॅक्टोफेरिनचे सगळेच ग्लायकोपेप्टाइड एकदम वर जातील. तुमच्या शीटमध्ये नेमकं तेच दिसतंय: सगळे, एकाच दिशेने, साधारण एकाच पटीने. साखरेत बदल असता तर काही वर आणि काही खाली गेले असते. माझी पहिली शंका म्हणून साखरेवर नाही, प्रथिनाच्या प्रमाणावर आहे.

यावर उपाय साधा आहे, पण पैसे वाचवायला लोक नेमका तोच गाळतात. प्रत्येक नमुन्याचा ग्लायकोपेप्टाइड वेगळे न काढलेला थोडा भाग स्वतंत्र चालवा. त्यातून लॅक्टोफेरिनच्या साखर न लागणाऱ्या पेप्टाइडवरून प्रथिनाचं प्रमाण मिळतं आणि ग्लायकोपेप्टाइडचा आकडा त्याने भागता येतो. एवढ्याने शीटमधल्या बऱ्याच ओळी एकाच्या आसपास येऊन बसतील असा माझा अंदाज आहे. ज्या तरीही बाहेर राहतील त्यांच्यावर वेळ घालवा.

गाईच्या लॅक्टोफेरिनमध्ये एन-ग्लायकोसिलेशनच्या, म्हणजे ॲस्परॅजिन या अमिनो आम्लावर पेशीने साखर लावण्याच्या, पाच शक्य जागा आहेत: २३३, २८१, ३६८, ४७६ आणि ५४५ क्रमांकांची ॲस्परॅजिन. चार जागांवर साखर कायम असते. २८१ वर मात्र ती काहीच रेणूंना लागते, चिकात साधारण ३० टक्के आणि नेहमीच्या दुधात १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे या एका जागेवर 'साखर लागली का' हा प्रश्न आहे आणि बाकी चार ठिकाणी 'कोणती लागली' हा. दोन्हींची मोजणी वेगळी. पहिल्या प्रश्नासाठी पीएनगेज एफ या एन्झाइमने साखर काढून टाका. साखर होती तिथे ॲस्परॅजिनचं ॲस्पार्टिक आम्ल होतं आणि वस्तुमान ०.९८४ डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) वाढतं. नव्हती तिथे ॲस्परॅजिन तसंच राहतं. दोन रूपांचं गुणोत्तर म्हणजे त्या जागेचा भराव, तिथे किती रेणूंवर साखर आहे ते.

इथे एक खड्डा आहे. ॲस्परॅजिन आपोआपही ॲस्पार्टिक आम्लात बदलतं, त्याच्या शेजारी ग्लायसिन असेल तर फारच पटकन, आणि ३७ अंशावर रात्रभर पचन चाललं की अजून. हा बदलही ०.९८४ चाच. म्हणून पीएनगेजची प्रक्रिया ऑक्सिजन-१८ या जड ऑक्सिजनच्या पाण्यात करतात. मग एन्झाइममुळे झालेला बदल २.९८८ डाल्टनचा येतो आणि आधी आपोआप झालेला वेगळा पडतो. त्यासाठी बफरसुद्धा त्याच पाण्यात बनवलेला हवा, आणि त्या वेळी ट्रिप्सिन जिवंत असता कामा नये, नाहीतर ते पेप्टाइडच्या शेपटाकडे स्वतःच ऑक्सिजन-१८ चिकटवत बसतं. हे परवडत नसेल तर निदान पीएनगेज न घातलेला एक नमुना सोबत चालवा.

आता गोठ्याकडे. देवणीचे नमुने उदगीर-देवणी भागातले आणि लाल कंधारीचे कंधार-लोहा भागातले असतील, तर तुम्ही जातींची तुलना केलेली नाही, दोन भागांची केली आहे. चारा वेगळा, पेंड वेगळी, धार काढायची वेळ वेगळी, बर्फाच्या डब्याचा प्रवास वेगळा. शक्य असेल तर दोन्ही जाती एकाच ठिकाणी सांभाळल्या जातात असे गोठे गाठा. नाहीच जमलं तर प्रत्येक जातीसाठी तीन-चार वेगळी गावं तरी घ्या. गाय कितव्या वेताची, व्यायल्याला किती दिवस झाले, कोणत्या वेळची धार, कासेची तपासणी केली का, हे प्रत्येक नमुन्यासोबत लिहून ठेवा. देवणीत वानेरा, बालंक्या की शेवेरा, कोणता रंगप्रकार तेही नोंदवा, नंतर कोणीतरी विचारणारच. चीक आणि दूध एका गटात तर कधीच टाकू नका. व्यायल्यापासून दुसऱ्या दिवसाचा आणि पाचव्या दिवसाचा चीक यांतच साखरेचा इतका फरक पडतो की त्याखाली जातीचा फरक दबून जाईल.

नमुना थंड ठेवण्याचं कारण फक्त दूध नासू नये एवढंच नाही. जिवाणू वाढले की त्यांची सायॅलिडेज एन्झाइम साखरेच्या टोकावरचं सायॅलिक आम्ल कापून टाकतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात दुचाकीवरून दोन तास आलेलं दूध आणि गोठ्यातच बर्फात ठेवलेलं दूध यांच्यात तुम्हाला 'सायॅलिक आम्लात लक्षणीय घट' मिळेल, आकडेशास्त्राच्या कसोटीलाही ती उतरेल. ती घट रस्त्याची असते. दुधात प्लाझमिन हे एन्झाइमही असतं, ते केसिन कापत राहतं. धार काढली की लगेच बर्फात, आल्यावर थंडच सेंट्रिफ्यूज करून साय वेगळी, मग लहान लहान भाग करून उणे ८० ला. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवू नका. पेप्टाइड सुकवतानाही उष्णता देऊ नका. आम्लात तापवलं की सायॅलिक आम्ल गळतं.

आणि दूध कच्चंच हवं. हे सांगायची गरज पडू नये, पण एकदा डेअरीच्या टाकीतले नमुने आमच्याकडे आले होते. तापवलेल्या दुधात लॅक्टोज थेट लायसिनला चिकटतं. त्यात कुठलंही एन्झाइम नसतं, ती निव्वळ रासायनिक क्रिया आहे, कुंथलगिरीचा खवा तांबूस होतो तीच. वस्तुमान ३२४.१०६ डाल्टनने वाढतं, म्हणजे बरोबर दोन हेक्सोज (सहा कार्बनच्या साध्या साखरा). सॉफ्टवेअरला तुम्ही ओ-ग्लायकोसिलेशन (सेरिन किंवा थ्रिओनिन या अमिनो आम्लांवर लागणारी साखर) शोधायला सांगितलं असेल तर ते हा लॅक्टोज शेजारच्या सेरिन किंवा थ्रिओनिनवर बसवून मोकळं होईल. खूण अशी की लॅक्टोज लागलेल्या लायसिनपाशी ट्रिप्सिन कापत नाही. पेप्टाइडच्या मधोमध न कापलेलं लायसिन आणि वर ३२४ दिसलं की ती पेशीने लावलेली साखर नाही असं धरून चाला. मधुमेहात मोजतात ते एचबीए१सी याच कुळातलं: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाच्या व्हॅलिनला ग्लुकोज आपोआप लागतं, वाढ १६२.०५३. कोणी 'ग्लायकेशन' (साखर आपोआप चिकटणं) आणि 'ग्लायकोसिलेशन' (पेशीने एन्झाइमने साखर लावणं) एकाच अर्थाने वापरलं की मी आधी तिथे थांबवतो.

ग्लायकोपेप्टाइड वेगळे काढायला तुम्ही कोणती पद्धत वापरली ते लिहिलेलं नाही. पाण्याची ओढ असलेले रेणू धरून ठेवणारा महागडा हिलिक कॉलम नसेल तर कापूस वापरा. मी गंमत करत नाही. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, त्यावर साखरेचे हायड्रॉक्सिल गट पसरलेले, म्हणून पाण्याची ओढ असलेले रेणू तो धरून ठेवतो. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने ही पद्धत प्रसिद्ध केली. पिपेटच्या टिपमध्ये कापसाचा छोटासा बोळा घट्ट बसवायचा. पाण्याने धुवायचा, मग ८३ टक्के ॲसिटोनायट्राइलने. नमुना त्याच द्रावणात वरखाली ओढायचा. मग एक टक्का टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल) घातलेल्या ८३ टक्के ॲसिटोनायट्राइलने धुवायचं, एकदा टीएफएशिवाय, आणि शेवटी पाण्यात उतरवायचं. टीएफए इथे महत्त्वाचं, त्यामुळे साधे पेप्टाइड कापसावर टिकत नाहीत आणि साखरवाले टिकतात. कापूस मात्र औषधाच्या दुकानातला, सर्जिकल. जिनिंगमधून आणलेल्या रुईवर नैसर्गिक मेण असतं, ती पाणीच घेत नाही.

पद्धत कुठलीही असली तरी ती सगळे ग्लायकोपेप्टाइड सारखे पकडत नाही. मोठी, सायॅलिक आम्लवाली साखर जास्त पकडली जाते, लहान निसटते. लेक्टिन, म्हणजे ठरावीक साखर पकडणारं प्रथिन, वापरलं तर निवड आणखी एकांगी होते: कॉनकॅनाव्हलिन ए मॅनोजवर जातं, एसएनए हे लेक्टिन २,६ जोडणीच्या सायॅलिक आम्लावर. म्हणून एका पद्धतीने काढलेले नमुने दुसऱ्या पद्धतीने काढलेल्या नमुन्यांशी ताडून पाहू नका, आणि दोन्ही जातींचे नमुने एकाच दिवशी, आलटून पालटून, एकाच हाताने काढा. आधी सगळी देवणी आणि मग सगळी लाल कंधारी, हा क्रम मशीनवरही नको. तिथे दिवसभरात कॉलम आणि स्प्रे बदलत जातो आणि तो बदल थेट जातीच्या खात्यात जमा होतो. सगळ्या नमुन्यांचा थोडा थोडा भाग एकत्र करून एक मिश्रण बनवा आणि ते मधून मधून चालवा. मिश्रणातच आकडे हलत असतील तर बाकीच्यांबद्दल बोलायलाच नको.

फॅसिलिटीला 'नेहमीचा प्रोटिओमिक्स रन' असं सांगून नमुने दिले असतील तर बरीच माहिती मशीनमध्ये शिरण्याआधीच गेली. नेहमीच्या रनमध्ये स्कॅन साधारण १५०० एम/झेडला (वस्तुमान भागिले विद्युतभार) थांबतो, ग्लायकोपेप्टाइड त्याच्या पलीकडेही जातात, २००० पर्यंत मागा. फ्रॅग्मेंटेशन, म्हणजे मशीनमध्ये रेणू तोडणं, एकाच ऊर्जेवर नको. कमी ऊर्जेत साखर तुटते आणि पेप्टाइड अखंड राहतं, जास्त ऊर्जेत पेप्टाइड तुटतं. दोन्ही एका स्पेक्ट्रममध्ये हवं असेल तर स्टेप्ड एचसीडी, म्हणजे वेगवेगळ्या ऊर्जेच्या टप्प्यांवर तोडण्याची पद्धत, मागा. ओ-ग्लायकोसिलेशनमध्ये साखर नेमकी कोणत्या थ्रिओनिनवर आहे हे सांगायचं असेल तर ईटीएचसीडी या तोडण्याच्या दुसऱ्या पद्धतीशिवाय सांगू नका. आणि एमएस/एमएसचं, म्हणजे तोडलेल्या तुकड्यांच्या मोजणीचं, पहिलं वस्तुमान १२० ला स्थिर ठेवायला सांगा, नाहीतर १३८, १६८, १८६ च्या साखरेच्या खुणा दिसणारच नाहीत. कच्च्या फाइली परत घ्या. नुसतं एक्सेल घेऊन काहीच तपासता येत नाही.

कच्च्या फाइली आल्या की एक स्पेक्ट्रम उघडा आणि डावीकडून वाचा. २०४.०८७ म्हणजे एन-ॲसिटिल हेक्सोसॅमिन. हा नसेल तर सॉफ्टवेअरने कितीही गुण दिले असले तरी त्याला मी ग्लायकोपेप्टाइड म्हणत नाही. ३६६.१४० म्हणजे त्याला एक हेक्सोज जोडलेला. २७४.०९२ आणि २९२.१०३ हे न्यूॲकचे, म्हणजे नेहमीच्या सायॅलिक आम्लाचे. २९०.०८७ आणि ३०८.०९८ हे न्यूजीसीचे. ५१२.१९७ दिसला तर फांदीवर फ्युकोज ही साखर असू शकते, पण फ्युकोज मशीनमध्ये उडी मारून दुसरीकडे बसतं हे माहीत आहे, त्यामुळे तेवढ्यावर रचना काढू नका. ४०७.१६६ म्हणजे दोन हेक्सोसॅमिन शेजारी, गाईच्या दुधातल्या प्रथिनांत हे येतंच. उजवीकडे जा आणि नुसत्या पेप्टाइडवर २०३.०७९ वाढलेला पीक शोधा. तो सापडला की पेप्टाइडचं वस्तुमान हातात आलं, बाकी सगळं साखरेचं.

आता तुमच्या शीटमधल्या 'वेगळ्या' सायॅलिक आम्लाकडे, म्हणजे न्यूजीसीकडे. गाय हे बनवते, चिकात ते सापडतंही. माणूस बनवत नाही, आपल्यात त्याचं जनुक निकामी आहे. म्हणजे गाईत दिसणं अशक्य नाही. पण एकाच जातीत दिसणं मला पटत नाही. न्यूॲक आणि न्यूजीसी यांच्यात फरक फक्त एका ऑक्सिजन अणूचा, १५.९९५ डाल्टन. मेथिओनिनचं ऑक्सिडेशनही तेवढंच. पेप्टाइडमध्ये मेथिओनिन असेल आणि नमुना जरा जास्त वेळ हवेत पडला असेल, तर 'ऑक्सिडाइज्ड मेथिओनिन अधिक न्यूॲक' आणि 'साधं मेथिओनिन अधिक न्यूजीसी' यांचं वस्तुमान शेवटच्या दशांशापर्यंत सारखं येतं. सॉफ्टवेअरमध्ये मेथिओनिन ऑक्सिडेशनची परवानगी दिलेली नसेल तर ते बिनदिक्कत न्यूजीसी लिहील. दुसरी अशीच जोडी: न्यूॲक अधिक हेक्सोज आणि न्यूजीसी अधिक फ्युकोज. दोन्ही ४५३.१४८, दोन्हींचं रासायनिक सूत्रही एकच. कितीही महाग मशीन असो, वस्तुमानावरून यांना वेगळं करता येणार नाही. निवाडा फक्त २९० आणि ३०८ करतील. त्या ओळींचे स्पेक्ट्रम उघडा. ते दोन पीक असतील तर न्यूजीसी आहे. त्यांच्या जागी २७४ आणि २९२ असतील तर ती ओळ खोडा.

याहून जास्त छळतो तो दोन फ्युकोज आणि एक न्यूॲक यांचा घोळ. दोन फ्युकोजचं वस्तुमान २९२.११६, एका न्यूॲकचं २९१.०९५. फरक १.०२० डाल्टन. कार्बन-१३ मुळे येणाऱ्या शेजारच्या पीकचा फरक १.००३. साधारण ४००० डाल्टनच्या ग्लायकोपेप्टाइडमध्ये पहिला, म्हणजे मोनोआयसोटोपिक, पीक लहान असतो आणि त्याच्या पुढचे उंच. मशीनने दुसरा पीक पहिला समजून उचलला की एका न्यूॲकवाल्या साखरेचं वस्तुमान दोन फ्युकोजवाल्या साखरेपासून फक्त ०.०१७ डाल्टनवर येऊन बसतं, म्हणजे ४००० ला सुमारे ४ पीपीएम (दहा लाखांत ४). शोधाची मर्यादा १० पीपीएम ठेवली असेल तर हे उत्तर आरामात पास होतं, आणि नमुना जितका पातळ तितका हा प्रकार जास्त. म्हणजे एका जातीच्या नमुन्यात प्रथिन कमी असेल तर त्याच जातीत 'फ्युकोज वाढलेलं' दिसेल. दोन किंवा जास्त फ्युकोजवाली प्रत्येक ओळ, जिच्या स्पेक्ट्रममध्ये २७४ किंवा २९२ आहे, ती संशयित. मी तर दोन फ्युकोजचे निकाल हाताने तपासल्याशिवाय कोणाला पाठवतच नाही.

कॅपा-केसिनचं प्रकरण वेगळं आहे, आणि तुमच्या कामातला खरा शोध कदाचित इथेच असेल. या प्रथिनाची १०६ ते १६९ ही शेपटी, जी चीज करताना कायमोसिन हे एन्झाइम १०५ आणि १०६ च्या मध्ये कापून मोकळी करतं, तिच्यावर ओ-ग्लायकोसिलेशन असतं. कॅपा-केसिनचे ए आणि बी असे दोन मुख्य जनुकीय प्रकार आहेत. ए मध्ये १३६ व्या जागी थ्रिओनिन आणि १४८ व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल. बी मध्ये १३६ ला आयसोल्युसिन आणि १४८ ला ॲलॅनिन. पहिल्या बदलाने वस्तुमान १२.०४ ने वाढतं, दुसऱ्याने ४३.९९ ने कमी होतं. तुमच्या डेटाबेसमध्ये फक्त ए चा क्रम असेल तर बी प्रकारच्या गाईचा एकही ग्लायकोपेप्टाइड त्या भागातून सापडणार नाही आणि शीटमध्ये 'गायब' दिसेल. गाईने साखर लावली नाही असा त्याचा अर्थ नाही, सॉफ्टवेअरकडे त्या पेप्टाइडचा पत्ताच नव्हता. युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवरून उचललेला बॉस टॉरसचा, म्हणजे युरोपीय गायींचा, क्रम आपल्या वशिंडाच्या गायींना जसाच्या तसा लागू पडेल असं गृहीत धरू नका. दोन्ही प्रकार डेटाबेसमध्ये घाला, शोध पुन्हा चालवा. शक्य असेल तर प्रत्येक गाईचा कॅपा-केसिन प्रकार पीसीआरने काढून घ्या, ते काम नांदेड-परभणीतच होण्यासारखं आहे.

गंमत अशी की १३६ चं थ्रिओनिन हे साखर लागण्याच्या जागांपैकी एक. बी मध्ये ती जागाच उरत नाही, तरीही एकूण साखर बी प्रकारात जास्त असते असं युरोपीय गायींवरच्या कामातून वारंवार दिसलंय. म्हणजे दोन जातींमध्ये ए-बीचं प्रमाण वेगळं असेल तर तुम्हाला दिसणारा 'जातीचा' फरक हा एका जनुकाचा फरक असू शकतो. मला विचाराल तर तो जास्त चांगला पेपर आहे.

या भागासाठी ट्रिप्सिन मात्र निरुपयोगी. ११६ च्या लायसिननंतर शेवटपर्यंत लायसिनही नाही, आर्जिनिनही नाही, त्यामुळे ५३ अमिनो आम्लांचा एकच लांबलचक तुकडा राहतो, त्यावर चार-पाच ठिकाणी साखर. ग्लु-सी हे दुसरं एन्झाइम वापरून बघा, तुकडे आटोक्यात येतात. आणि ही शेपटी २८० नॅनोमीटरच्या प्रकाशावर मोजू नका. तिच्यात ट्रिप्टोफॅनही नाही आणि टायरोसिनही नाही, वाचन शून्याजवळ येईल आणि प्रथिनच हरवलं असं वाटेल.

एकाच नमुन्यातले दोन वेगवेगळे ग्लायकोफॉर्म (एकाच जागेवर वेगवेगळी साखर लागलेली रूपं), समजा सायॅलिक आम्लवाला आणि बिनसायॅलिकचा, यांच्या पीकची उंची बघून 'हा त्याच्या दुप्पट' असं लिहू नका. सायॅलिक आम्लवाले धन आयनांच्या मोडमध्ये कमी आयनित होतात. तोच ग्लायकोपेप्टाइड दोन नमुन्यांत ताडून पाहणं चालतं, कारण दोन्हीकडे अन्याय सारखाच. शिवाय स्प्रेमध्येच सायॅलिक आम्ल किंवा फ्युकोज तुटून जातं आणि मशीनला मूळ रेणूसोबत त्याची लहान, खोटी आवृत्ती दिसते. हे पकडायला रिटेन्शन टाइम, म्हणजे कॉलममधून उतरायला लागलेला वेळ, पुरतो. सी-१८ कॉलमवर सायॅलिक आम्ल वाढलं की पेप्टाइड उशिरा उतरतो. त्यामुळे खरा बिनसायॅलिकचा ग्लायकोफॉर्म आधी यायला हवा. तो सायॅलिकवाल्याच्या अगदी त्याच सेकंदाला, त्याच आकाराच्या पीकमध्ये येत असेल तर तो स्प्रेने बनवलेला आहे.

आकडेशास्त्राबद्दल दोनच गोष्टी. एका गाईचा नमुना तीनदा टोचला तरी ती एकच गाय. तुमचा 'एन' म्हणजे गायींची संख्या, इंजेक्शनांची नाही. आणि एका जागेवरच्या सगळ्या ग्लायकोफॉर्मची बेरीज १०० टक्के धरली की एक वाढला की बाकीचे आपोआप कमी होतात, त्यांत खरी घट नसतानाही. टक्केवारीवर थेट टी-टेस्ट लावण्याऐवजी लॉग-गुणोत्तरांवर लावा.

एवढं सगळं सांभाळूनही दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत, हे गाईडना दाखवा. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने एकाच अँटिबॉडीचे नमुने जगभर पाठवले होते. ७६ लॅबनी १०३ अहवाल दिले, २०२० मध्ये निकाल आला. कोणी ४ प्रकारच्या साखरा सांगितल्या, कोणी ४८. आणि ते एकच, शुद्ध, नीट ओळखीचं प्रथिन होतं, दूध नव्हे. २०२१ मध्ये मानवी सीरमच्या एकाच डेटावर २२ गटांनी आपापली सॉफ्टवेअर चालवली, तिथेही उत्तरं बरीच पांगली. म्हणून तुमच्या फाइली किमान दोन सॉफ्टवेअरवर चालवा, फ्रॅगपाइप आणि पीग्लायको दोन्ही शैक्षणिक वापरासाठी मोफत मिळतात. साखरेची यादी निवडताना 'ह्यूमन' वर टिक राहिली नाही ना ते बघा. त्यात न्यूजीसी नसतं, आणि गाईत असणारा अल्फा-गॅल हा साखरेचा गटही नीट येत नाही. रचनेची चित्रं मात्र पेपरमध्ये काढू नका. सहा हेक्सोज आणि चार हेक्सोसॅमिन एवढंच तुम्हाला माहीत आहे. सहावा हेक्सोज अल्फा-गॅल आहे की दुसरं काही, ते मास स्पेक्ट्रोमीटरने अजून सांगितलेलं नाही.

आत्ताच्या शीटपुरतं असं करा. प्रथिनाने भागून, स्पेक्ट्रम हाताने तपासून, डेटाबेसमध्ये कॅपा-केसिन बी घालून झालं की ज्या ओळी उरतील त्यातल्या पाच-सहा निवडा. त्या फक्त लक्ष्य ठेवून, पीआरएम पद्धतीने, नव्या गायींच्या दुधावर मोजून घ्या. जुन्याच नळ्या पुन्हा काढू नका. सायॅलिक आम्लाचा फरक टिकला तर एसएनए लेक्टिन ब्लॉट तुमच्याच विभागात होतो, त्याला मशीन लागत नाही. फॅसिलिटीकडे दुसऱ्या खेपेला जाताना सोबत मिश्रणाची नळी, प्रत्येक नमुन्याचा ग्लायकोपेप्टाइड वेगळे न काढलेला भाग आणि चालवण्याचा मिसळलेला क्रम कागदावर लिहून न्या. क्रम तिथल्या माणसावर सोडलात तर तो डब्यात ज्या ओळीने नळ्या लावल्यात त्याच ओळीने चालवेल.